'गॅस झाला' म्हणणं आता बंद करा

संडासाच्या टाकीत उतरलेला माणूस वर आला नाही की आपल्याकडे दोन शब्दांत विषय संपतो: "गॅस झाला." पेपरात 'गुदमरून मृत्यू' छापून येतं, पोलीस अपघाती मृत्यूची नोंद करतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडतात, आणि आठवड्याभरात पुन्हा पार्किंगची भांडणं सुरू होतात.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. विरार पश्चिमेला ग्लोबल सिटी भागातल्या एका खासगी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात चार कामगार मेले. त्याआधी मे २०१९ मध्ये नालासोपाऱ्यात एका इमारतीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मेले होते. त्याच महिन्यात ठाण्याला ढोकाळीत, गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात आणखी तीन. प्रत्येक वेळी आपण म्हटलं, गॅस झाला. जणू पावसासारखा तो कुठूनतरी आला आणि माणसं नेमकी त्यात सापडली.

तो गॅस कुठून येत नाही. तो तिथेच तयार होतो, रोज, ठरलेल्या रीतीने, आणि तो कोण तयार करतं हे विज्ञानाला दीडशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. म्हणून आज मी तुम्हाला जीवाणूंचे दोन प्रकार समजावून सांगणार आहे. विषय शाळेतल्या पुस्तकातला आहे. पण तो नीट समजला की 'अपघात' हा शब्द तुमच्या तोंडातून सहज बाहेर पडणार नाही, अशी माझी खटपट आहे.

१८६१ साली लुई पाश्चर एका आंबलेल्या द्रवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. नेहमी काय दिसतं? थेंबाच्या कडेला, जिथे हवा लागते, तिथे जीव जास्त चपळ असतात. इथे उलटं दिसलं. मधले जीवाणू वळवळत होते आणि कडेचे, हवेजवळचे, निपचित पडले होते. हवा त्यांना मारत होती. हवेशिवाय जगणारे जीव असतात, हे त्या थेंबाने सांगितलं. पुढे त्यानेच या दोन जातींना नावं दिली. ऑक्सिजन लागतो ते एरोबिक, ऑक्सिजनशिवाय जगतात ते ॲनएरोबिक.

फरक नुसता श्वासाचा नाही, चुलीचा आहे. कोरडं लाकूड भरपूर वाऱ्यात जाळलं तर सगळं जळून जातं, मागे मूठभर राख उरते. तेच लाकूड मातीखाली झाकून कोंडून धुमसवलं तर कोळसा उरतो, आणि तो कोळसा पुन्हा जळू शकतो, म्हणजे त्यात ऊर्जा शिल्लक असते. एरोबिक जीवाणू पहिल्या चुलीसारखे. साखरेचा एक रेणू ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण 'जाळून' ते ऊर्जेची साधारण ३० नाणी मिळवतात, आणि मागे राहतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. नुसतं आंबवून जगणाऱ्या ॲनएरोबिक जीवाणूंना त्याच साखरेतून जेमतेम दोन नाणी सुटतात. म्हणून त्यांचा कारभार संथ, आणि मागे उरलेल्या पदार्थांत ऊर्जा शिल्लक: आम्लं, अल्कोहोल, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड. गोबरगॅसवर चहा होतो तो याच शिल्लक ऊर्जेवर. (मिथेन बनवणारे जीव शास्त्राच्या हिशेबात जीवाणू नाहीत, ते आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातले. पण ते राहतात यांच्याच शेजारी आणि यांच्याच उष्ट्यावर.)

मग ऑक्सिजन काही जीवाणूंना मारतो का? ऑक्सिजन वापरताना पेशीत काही जहाल उपपदार्थ तयार होतात. आपल्याकडे आणि एरोबिक जीवाणूंकडे ते निकामी करणारी एन्झाइमं असतात. कट्टर ॲनएरोबिक जीवाणूंकडे ती नसतात किंवा अपुरी असतात. या दोन टोकांच्या मधे बरेच जण आहेत. आतड्यातला ई. कोलाय दोन्ही डगरींवर हात ठेवून असतो, ऑक्सिजन मिळाला तर वापरतो, नाही मिळाला तर आंबवून भागवतो. दह्याच्या विरजणातले जीवाणू ऑक्सिजन वापरत नाहीत, पण तो सहन करतात.

तुमच्या अंगातही हे सगळे आहेत. मोठ्या आतड्यात ॲनएरोबिक जीवाणूंची संख्या इतरांच्या शेकडो पट असते, आणि तिथे ते आपले मित्र असतात. दाताच्या मुळाशी झालेल्या गळवाला घाण वास येतो तो यांचाच. शेतात खिळा पायात खोल घुसला की आम्ही धनुर्वाताच्या इंजेक्शनचा आग्रह धरतो, कारण वरून मिटलेल्या खोल जखमेच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, आणि धनुर्वाताच्या जीवाणूला तेच हवं असतं. खिळा गंजका होता की नवा, याने फारसा फरक पडत नाही. जखम खोल आणि मळकी होती का, ते महत्त्वाचं. आणि जाता जाता: जुलाब झाले की मेडिकलमधून जी दोन औषधांची जोडगोळी तुम्ही न विचारता आणता, तिच्यातलं एक औषध ॲनएरोबिक जीवाणू आणि अमीबा यांच्यासाठी असतं. साध्या जुलाबात बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. मीठ-साखर-पाणी प्या. हा राग वेगळ्या लेखात काढीन.

आता वसईत या. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत अजून काही बावखलं शिल्लक आहेत. ज्यात कचरा पडत नाही अशा बावखलाचं वरचं पाणी बघा: मासे, बेडूक, शेवाळं, वारा, ऊन. हा एरोबिक मजला. आता काठी तळाच्या गाळात खुपसून ढवळा. बुडबुडे येतात, गाळ काळाकुट्ट निघतो, सडक्या अंड्याचा वास येतो. हा ॲनएरोबिक मजला. ज्यांचं लहानपण खाडीकाठी किंवा मिठागरांजवळ गेलं त्यांना हा वास घरचा आहे. खाजणातला चिखल हातभर उकरला की तो येतोच. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, आणि काही ॲनएरोबिक जीवाणू ऑक्सिजनच्या जागी हे सल्फेट वापरून 'श्वास' घेतात. आपण उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. खाडीवर वारा असतो, वायू विरून जातो, कोणी मरत नाही.

तोच कारखाना काँक्रीटच्या बंद खोलीत भरा, वर लोखंडी झाकण ठेवा. तुमच्या इमारतीची सेप्टिक टाकी तयार.

वसई-विरारमध्ये बहुतेक घरांचं आणि इमारतींचं मैलापाणी आधी अशा टाकीतच जातं. टाकीचं कामच मुळी ॲनएरोबिक जीवाणूंच्या जिवावर चालतं. मैला तळाशी बसतो, ते तो हळूहळू कुजवतात, वायू तयार होतो. ही टाकी बिघडल्याची खूण नाही, ती चांगली चालल्याची खूण आहे. वायूचा बराच भाग तळाच्या गाळात बुडबुड्यांच्या रूपाने अडकून राहतो. दोन-तीन वर्षांत टाकी उपसायला हवी, आपण दहा-दहा वर्षं उपसत नाही. मग एक दिवस तळमजल्यावरचा संडास तुंबतो, आणि कोणीतरी बांबू, फावडं घेऊन आत उतरतो. उतरल्यावर पहिलं काम काय करतो? गाळ ढवळतो.

पुढचं डॉक्टर म्हणून सांगतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास हवेच्या दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी असताना येतो. आपलं नाक इतकं तिखट आहे. पण प्रमाण शंभर-दीडशे भागांवर गेलं की वास घेणारी यंत्रणाच बधिर होते. वास यायचा थांबतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, बरं झालं, हवा मोकळी झाली. वरचा माणूस विचारतो, "वास आहे का?" खालून उत्तर येतं, "नाही." प्रमाण पाचशेच्या पुढे गेलं की माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत. शिडी चढायला, ओरडायला वेळ मिळत नाही.

हे गुदमरणं नाही, विषबाधा आहे. आपल्या प्रत्येक पेशीत एक एन्झाइम असतं, जे शेवटच्या टप्प्यावर ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवून देतं. सायनाइड त्यालाच पकडतं, आणि हायड्रोजन सल्फाइडही त्यालाच पकडतं. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. क्षणात माणसाच्या सगळ्या पेशींवर ॲनएरोबिक जीवाणूसारखं जगायची पाळी येते, आणि मेंदूच्या पेशींना तसं जगता येत नाही. शिवाय टाकीत मुळात ऑक्सिजनही कमी असतो. बाहेरच्या हवेत तो जवळपास २१ टक्के असतो, दहाच्या खाली गेला की शुद्ध जाते. म्हणजे एकावर एक दोन घाव.

आता आपले घरगुती उपाय बघू, कारण याच ठिकाणी शिकलेली माणसं, कमिटीतली माणसं, छातीठोकपणे चुकीचं बोलतात.

"झाकण रात्रभर उघडं ठेवलंय." ठेवा. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचून राहतो, आणि गाळात अडकलेला वायू तर ढवळेपर्यंत बाहेरच येत नाही. "तोंडाला रुमाल बांधून जाईल." रुमाल धूळ अडवतो, वायू नाही. कोविडमधला एन-९५ मास्कसुद्धा वायू अडवत नाही. "कंदील सोडून बघतो, विझला नाही तर माणूस सोडतो." ज्योत फक्त ऑक्सिजनबद्दल सांगते, तेही अर्धवट. माणसाला मारायला पुरेसा हायड्रोजन सल्फाइड असतानाही कंदील आरामात जळत राहतो. आणि मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर कंदील विझणार नाही, टाकीच उडेल. "थोडी दारू घेतली की त्यांना वास लागत नाही." हे वाक्य मी ऐकलेलं आहे, आणि ते बोलणाऱ्याला लाज वाटलेली मी पाहिलेली नाही.

ॲसिडचंही सांगून टाकतो. संडास तुंबला की काही जण बाटल्याच्या बाटल्या ॲसिड ओततात. टाकीतला बराचसा सल्फाइड पाण्यात विरघळून बसलेला असतो. आम्लता वाढली की तो वायू होऊन वर येतो. म्हणजे उद्या टाकी साफ करायची म्हणून आज ॲसिड ओतणारा सेक्रेटरी टाकीत विष तयार करून ठेवतो, आणि वर त्याला स्वच्छता म्हणतो.

नव्या संकुलांतली मंडळी म्हणतील, आमच्याकडे सेप्टिक टाकी नाही, आधुनिक एसटीपी आहे, ती एरोबिक असते. बरोबर. म्हणून तर जीवाणूंचे दोन प्रकार सांगायला बसलो. एसटीपीत ब्लोअर हवा फुंकत राहतो म्हणून एरोबिक जीवाणू जगतात आणि मैला झपाट्याने संपवतात. पण पाण्यात ऑक्सिजन विरघळतो किती? आपल्या हवामानात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम. आणि मैलापाण्यातली घाण संपवायला लिटरमागे दोन-अडीचशे मिलिग्रॅम सहज लागतो. म्हणजे ब्लोअर हा त्या टाकीचा श्वास आहे. तो बंद पडला की काही तासांत ऑक्सिजन संपतो, एरोबिक जीवाणू थंडावतात आणि ॲनएरोबिक कामाला लागतात. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवणाऱ्या सोसायट्या आहेत. मशीन नादुरुस्त म्हणून महिनोन् महिने बंद असलेले प्रकल्प आहेत. कागदावर ते एरोबिक, प्रत्यक्षात मोठी सेप्टिक टाकी. शिवाय चालू प्रकल्पातही मैलापाणी पहिल्यांदा येऊन साठतं ती टाकी आणि गाळ साठवायची टाकी इथे हवा पुरेशी नसेल तर हाच प्रकार होतो. पंपात अडकलेली चिंधी काढायला 'दोन मिनिटांसाठी' माणूस उतरतो तो अशाच ठिकाणी.

आणि एक मेला की एकच मरत नाही. खालचा कोसळला की वरचा त्याला काढायला उडी मारतो. तो भाऊ असतो, गाववाला असतो, सोबत जेवायला बसणारा असतो. तो विचार करत नाही, आणि त्याने विचार करावा अशी अपेक्षा ठेवायचा अधिकार आपल्याला नाही, कारण आपण त्याला काही सांगितलेलंच नसतं. तीन, चार असे आकडे बहुतेक वेळा असे होतात.

"पण डॉक्टर, ते स्वतःच उतरतात, आम्ही कुठे सांगतो?" हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो. तुमच्या घरातला पदवीधर मुलगा बेकार असला तरी त्याला कोणी विचारत नाही, हजार रुपये देतो, टाकीत उतरतोस का? हे ठराविक लोकांनाच विचारलं जातं. केंद्र सरकारच्या नमस्ते योजनेत ज्या गटार आणि सेप्टिक टाकी कामगारांची नोंद झाली, त्यांतले दहापैकी नऊ जण अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले निघाले. जीवाणू जात बघत नाहीत. टाकीचं झाकण उघडून कोणाला हाक मारायची हे ठरवणारा बघतो.

कायद्याबद्दलही गोड गैरसमज आहे, की काम ठेकेदाराला दिलं म्हणजे आपण सुटलो. २०१३ चा कायदा सांगतो की सेप्टिक टाकी किंवा गटार संरक्षक साधनांशिवाय साफ करायला कोणीही, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, माणूस कामाला लावायचा नाही. 'अप्रत्यक्ष' हा शब्द सोसायटीच्या चेअरमनने दोनदा वाचावा. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या बायकांना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि २०२१ मध्ये प्रत्येकीला १० लाख देण्याचा आदेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला गटारातल्या मृत्यूची भरपाई १० वरून ३० लाखांवर नेली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत विरारचे चार गेले.

खर्चाचं म्हणाल तर उपसणाऱ्या गाडीचं भाडं सगळ्या फ्लॅटांत वाटून बघा, आणि तो आकडा गेल्या वर्षी गणपतीच्या मांडवाला काढलेल्या वर्गणीशेजारी ठेवा. "गाडी आमच्या गल्लीत येत नाही" हे आपल्या जुन्या गावठाणांत आणि चाळींत खरंच होतं. तिथे लांब पाइप लागतो, छोटी गाडी लागते. ती मिळत नसेल तर महापालिकेकडे मागणी लावून धरा. गाडी येत नाही म्हणून माणूस पाठवायचा, हा त्याला पर्याय नाही.

आणि तरीही कोणी आत कोसळलाच, तर आत जाऊ नका. दोर बांधूनसुद्धा नाही, नाक दाबूनसुद्धा नाही. १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि "टाकीत माणूस आहे, श्वासाची उपकरणं लागतील" असं स्पष्ट सांगा. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. आजूबाजूला कोणी सिगारेट, काडी पेटवणार नाही हे बघा, आणि उडी मारायला निघालेल्या सोबत्याला दोघांनी धरून ठेवा, तो शिव्या घालेल तरी. माणूस बाहेर आला की त्याला मोकळ्या हवेत न्या. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध जोराने, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा दाबत राहा. तोंडाने श्वास देऊ नका, त्याच्या फुप्फुसातला वायू तुमच्याकडे येऊ शकतो. कांदा हुंगवणं, पाणी पाजणं, चप्पल सुंघवणं यात मिनिटं घालवू नका. दवाखान्यात नेताना 'चक्कर आली' असं सांगू नका, टाकीत होता हे सांगा. आमचे उपचार त्यावर ठरतात.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा येईल तेव्हा विचारा: टाकी शेवटची कधी उपसली, कोणी उपसली, माणूस आत उतरला होता का. एसटीपी असेल तर ब्लोअर रात्री चालू असतो का, आणि वायू मोजायचं यंत्र कोणाकडे आहे. सभेत हशा पिकेल, विचारा तरीही. गाडीवाला आला आणि "तळाचा गाळ कडक झालाय, माणूस सोडावा लागेल" म्हणाला, तर त्याला सांगा की वरूनच पाइपने जोरात पाणी मारून गाळ पातळ कर आणि मग ओढ. होतं ते. वेळ जास्त लागतो, पाण्याचा एक टँकर जास्त लागतो, गाडीची एखादी खेप वाढते. तेवढा वेळ तळमजल्यावरच्यांनी संडास वापरायचा नाही.